भोरड्यांची बोळवण

यंदा थंडी बरी पडली. सकाळी अंगणात उन्हाला बसलं की पाठ शेकत राहते आणि उठावंसं वाटत नाही. सुनेला वाटतं म्हातारी आळशी झाली. झाली तर झाली. सत्तरी उलटल्यावर नाही तर कधी व्हायचं? भिंतीलगत मी पाखरांसाठी पाण्याचं मातीचं परळ ठेवते. त्यात चिमण्या येतात, साळुंक्या येतात, भांडतात, अंगावर पाणी उडवून घेतात आणि माझी सकाळ त्यांच्या भांडणात मजेत जाते. परवा एक साळुंकी आली, ती काही नेहमीच्या ऐटीत चालेना. थांबत थांबत परळापाशी गेली, मान वाकडी करून प्यायली. नीट निरखून पाहिलं, तर डोळ्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा फोड, आणि पायाच्या बोटांवरही तसलेच दोन-तीन.

नात सुट्टीला आली आहे. मुक्ता तिचं नाव. परभणीला गुरांची डॉक्टरी शिकते. तिला हाक मारली. तिनं दुरूनच पाहिलं आणि म्हणाली, "आजी, पॉक्स आहे तिला. पाखरांचा वेगळा विषाणू असतो. ते परळ उचल, चांगलं घासून उन्हात पालथं टाक आणि थोडे दिवस पाणी ठेवू नको. एका जागी गर्दी झाली की एकीचं दुसरीला लागतं."

"म्हणजे देवीच की," मी म्हणाले.

"देवीच्या भाऊबंदातला म्हण. पण हा माणसाला लागत नाही. तू घाबरू नकोस."

मी हसायला लागले. इतकी हसले की सून हातातलं लाटणं घेऊन दारात आली. मुक्ताला वाटलं, आजी तिच्या शिक्षणाला हसते आहे, आणि ती जरा रुसली. तिला काय सांगू? माणसाला लागत नाही, हे एवढंसं वाक्य मला माझ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं, तर एक सबंध हिवाळा मी पदरात तोंड झाकून काढला नसता. आणि आमच्या गावानं पाखरांना हात जोडून "आई, उठा आता" अशी विनवणीही केली नसती. मग मात्र माझ्या आक्काच्या ज्वारीचं काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. राज्य निजामाचं, जिल्हा परभणी, आणि पोलीस ॲक्शनला अजून चार-पाच वर्षं होती. मी कुरुंद्याची. लग्न होऊन पुसेगावच्या अलीकडं एका लहानशा गावात आले होते. माहेरी आमच्याकडं हळद; शिजवायच्या दिवसांत अंगण, कपडे, म्हशीची शेपटी, सगळं पिवळं. सासरी आले तर जिकडं पाहावं तिकडं काळी जमीन आणि ज्वारी. पहिल्या दिवशी चूल पेटवायला बसले तेव्हा माझ्या नखांतली पिवळी कड बघून आक्का म्हणाली, "हळद उतरली न्हाई का गं अजून? का माहेरचीच हाय ही?" तेव्हापासून तिच्या तोंडी माझं नाव हळदवाली पडलं, ते शेवटपर्यंत.

आक्का म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. ती लहान असताना घरातल्या तीन लेकरांना एकदम देवी आल्या. दोन गेली. आक्का उठली, पण चेहराभर वण राहिले आणि डावा डोळा गेला. लग्न पाळण्यातच लागलेलं होतं. सासरची माणसं एकदा येऊन बघून गेली, पान-सुपारी घेतली, आणि पुन्हा काही नांदवायला न्यायला आली नाहीत. ह्यांचा जन्म त्यानंतरचा. सासूबाई गेल्यावर ह्यांना आक्कानंच वाढवलं. गावात तिला मान होता. देवीनं हात फिरवलेली बाई म्हणून कुणाच्या घरी आई, म्हणजे देवी, आली की पहिलं बोलावणं तिला यायचं, कारण तिला पुन्हा धोका नव्हता. एरवी मात्र सकाळी कामाला निघताना ती समोर आली की लोक क्षणभर थांबत. तिला ते कळायचं. ती मुद्दाम हाक मारून विचारायची, "काय दादा, बरं हाय ना?" आणि समोरचा ओशाळा व्हायचा.

त्या साली तिनं बापाकडं पहिल्यांदा काही मागितलं. आम्ही जेवणं उरकून बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, नाल्याकाठची पट्टी माझ्याकडं द्या. पेरणीपासून खळ्यापर्यंत मीच बघते. माझ्या पोटाची ज्वारी माझी मी काढते."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कमी बोलणारे. तंबाखू मळता मळता म्हणाले, "यंदा पिकवून दाखव. पट्टी तुझी. न्हाई पिकली तर पुढल्या साली मी सरकी लावून टाकतो. मग पुन्हा इषय काढायचा न्हाई."

तिचं मागणं माझ्या मनाला लागलं. चार महिन्यांची नवी नवरी मी, घरात भाकरी मीच थापायचे. तिला गाठून विचारलं, "आक्का, माझ्या हातची भाकर गोड लागत न्हाई का तुमाला? मी कधी मोजून वाढली?"

"तू न्हाई मोजत गं," ती म्हणाली. "मीच मोजते."

दुसऱ्या दिवसापासून घरची कामं आटोपली की मी तिच्यासंगं पट्टीवर जायला लागले.

त्या ज्वारीचं काय सांगावं. आता आमच्या शिवारात सोयाबीन आणि हळद. ज्वारी कुठंतरी बांधाकडेला, कडब्यापुरती. तेव्हाची ज्वारी माणसाच्या डोक्यावर वीतभर उंच. सकाळी आत शिरलं की पानांवरचं दव मानेवरून पाठीत उतरायचं आणि पानांच्या कडांनी हात चरचरायचे. आत गेलेलं माणूस दिसायचं नाही, नुसतं सळसळ करत पुढं चाललेलं कळायचं. मधोमध चार मेढी रोवून माळा बांधलेला. वर चढलं की पुसेगावकडची झाडं दिसायची, नाल्यातल्या बाभळी दिसायच्या, आणि सगळ्या शिवारात ठिकठिकाणच्या माळ्यांवरून येणाऱ्या आरोळ्या एकीत एक मिसळलेल्या ऐकू यायच्या. खाली आगटी पेटवून आक्का कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि हिरवे दाणे माझ्या हातावर ओतायची. सोबत मिरचीची चटणी. तो हुरडा खाल्लेल्या जिभेला आता पुडीत मिळणारा हुरडा द्यावा, म्हणजे नुसती थट्टा.

आणि भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ज्वारी भरायला लागली की कुठून तरी थव्याच्या थव्यानं यायच्या. वाळत घातलेलं धोतर वाऱ्यानं फडफडावं तसा तो थवा आभाळात वळायचा आणि एकदम खाली उतरायचा. उतरला की रान कलकलाटानं भरून जायचं. जवळ बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू यायचं नाही. थोड्या वेळात ओळीच्या ओळी रिकाम्या. आक्काची पट्टी नाल्याच्या बाभळींना लागून, आणि त्यांचा मुक्काम त्याच बाभळींवर. म्हणजे सकाळची न्याहरी आमच्याकडंच. पण आक्काची गोफण मोठी वाईट. ती माळ्यावर उभी राहून डोक्यावर गरगरवायची, सोडली की चाबकासारखा फट् आवाज व्हायचा, आणि थवा बसायच्या आधीच उधळायचा. "माझा नेम बराबर लागतो," ती म्हणायची, "लोकाला एक डोळा मिटावा लागतो, मला ती तकलीफ न्हाई."

ऐन दाणा भरायच्या वेळी, एका सकाळी, बांधाच्या खाली एक भोरडी बसलेली सापडली. थवा उडून गेला तरी ती तिथंच. अंग फुगवून, मान आत ओढून. आक्कानं सहज उचलली. दोन्ही डोळ्यांच्या कडांना फोड, एक डोळा तर पार मिटलेला. चोचीच्या बुडाशी फोड, पायांवर फोड. आक्का तिला ओंजळीत घेऊन बघत राहिली. तेवढ्यात शेजारच्या शेतातल्या रुक्मीणकाकू डोक्यावर टोपलं घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि टोपलं खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "हिला आई आली की."

मी मागं सरले ती सरळ आगटीपलीकडं जाऊन उभी राहिले. मी टोचलेली नव्हते. लहानपणी कुरुंद्याला देवी टोचायला सरकारी माणूस आला, तेव्हा माझ्या आईनं मला रिकाम्या कणगीत लपवलं होतं आणि वर सूप झाकलं होतं. आईचा कोप होतो म्हणून. त्यामुळं माझं तोंड अजून जसंच्या तसं, आणि खरं सांगते, मला त्या तोंडाचा भारी अभिमान होता. ते घेऊन मी पळाले. आक्का हसली. "घाबरू नको हळदवाले," म्हणाली, "पाखरू हाय, चावत न्हाई." पण तिचंही हसू पुरं नव्हतं. तिचा हात त्या पाखराच्या मिटल्या डोळ्यावर होता.

दिवस मावळेपर्यंत गावात बातमी झाली. दुसऱ्या दोघांच्या शेतातही तशी पाखरं दिसलेली निघाली. आणि एकीला आली म्हणजे साऱ्यांना आली. घरात एका लेकराला आई आली की सगळं घर पाळणूक करतंच ना, मग थव्याला वेगळा न्याय कसा? आई आली की घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आजाऱ्याला रागवायचं नाही, तो मागेल ते द्यायचं. आता घर म्हणजे सगळं शिवार, आणि आजारी म्हणजे भोरड्या. त्या मागत काय होत्या, तर ज्वारी.

मामंजींनी खुंटीवरची गोफण काढली आणि देवळीत, देवाच्या मागं ठेवून दिली. आक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, माझी पट्टी नाल्याला लागून हाय. पहिल्यांदा मीच बुडते."

"ठाव हाय मला."

"मग पिकवून दाखव काहून म्हणलात?"

मामंजी वळले. मी त्यांना पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं. "तीन लेकरं झोपली हुती माझी. दोन नेली, एक ठेवली तिनं. तिच्या पाखरावर दगूड मारू देऊ व्हय तुला? तुलाच ठेवली हाय तिनं."

आक्कानं खाली बघितलं. बापाला हट्टानं नाही म्हणता येतं. भ्यालेल्या बापाला नाही म्हणता येत नाही.

मग जी राखण सुरू झाली, तसली मी जन्मात पुन्हा पाहिली नाही. माळ्याच्या मेढींना कडुनिंबाचे डहाळे बांधले. बाया परातीत थंड दहीभात घेऊन बांधावर ठेवून आल्या, तो कावळ्यांनी खाल्ला. गावात कुणाच्या घरी फोडणीचा वास नाही. आठवडाभर बिनफोडणीचं वरण खाऊन हे तर वैतागले आणि कापसाच्या गाडीसंगं हिंगोलीला गेले, ते तिथं भजी खाण्यासाठीच गेले असा माझा अजून संशय आहे. आणि माळ्यावरून आरोळी बंद. थवा उतरला की आक्का उभी राहायची, पदर सावरायची आणि हळू आवाजात म्हणायची, "उठा बरं आई. लई झालं. जरा दुसरीकडं बी बघा." भोरड्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा खायच्या. पलीकडच्या माळ्यावरून रुक्मीणकाकूंचे म्हातारे मालक हात जोडून म्हणत, "बाई, आमी लेकरावाले हाओत, ध्यान ठेवा." मला हसू फुटायचं. पदर तोंडात कोंबून मी माळ्याखाली बसायचे. आक्का वरून म्हणायची, "हास, हास. तुला काय, तुझी भाकर ठरलेली हाय." मग माझं हसू जायचं.

कारण ज्वारी जात होती. नाल्याकडच्या ओळींची कणसं वरून भरलेली दिसायची, हातात घेतली की हलकी. सकाळी गेलं की रिकामी झालेली ओळ आणखी आत आलेली असायची. एका दुपारी आक्का तसलंच कणीस हातात घेऊन बांधावर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही. डोळा एकच, पण पाणी दोन्हीकडून येतं, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्याजवळ गेले. तोवर मी तिच्यापासूनही लांबच राहत होते, ती त्या पाखराला हात लावायची म्हणून. त्या दिवशी मात्र जाऊन तिला बिलगले, आणि तोंडाचं काय व्हायचं ते होवो म्हणाले. मला ती फार आवडायची. हे तिला तेव्हा सांगायला हवं होतं, पण सुनांनी नणंदांना असलं काही सांगायची रीत नव्हती.

ते पाखरू तिनं डालग्याखाली, कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, ठेवलं होतं, माळ्याच्या सावलीत. हुरड्याचे दाणे चावून मऊ करून भरवायची, कडुनिंबाच्या पाण्यानं डोळा पुसायची. माझ्या माहेरची हळदही मागून घेतली. ती मी लांबून, काठीला पुडी बांधून दिली. थोड्या दिवसांत ते तिच्या हाताला ओळखायला लागलं. तिची पावलं वाजली की आतून चिर्र करायचं. इकडं त्याचे भाईबंद तिचं रान खात होते, आणि ती याला दाणे भरवत होती. मी तसं बोलूनही दाखवलं. "त्यांचा राग याच्यावर कशाला," ती म्हणाली. "याला कुठं दिसून राहिलं काही?"

मुक्ता म्हणते, हा रोग डासांनी पसरतो, नाहीतर एकाच फांदीवर घासून बसल्यानं. पाखरू तगलं तर काही आठवड्यांनी खपली धरते, पडते, आणि मग ते पुन्हा चांगलं होतं. हळदीनं काही होत नाही म्हणे. मी म्हणाले, "बरं." वाद घालण्यासारखं ते नव्हतंच. आम्हाला तेव्हा एवढंच दिसलं की एका सकाळी आक्कानं डालगं उचललं आणि खाली काळी खपली पडलेली. पाखराचा मिटलेला डोळा उघडा. काळा, ओला, चकचकीत डोळा. त्यानं मान तिरकी करून आधी आक्काकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी पदर तोंडावरून काढला.

आक्का बराच वेळ त्या खपलीकडं बघत बसली. मग तिनं निंबाचं पाणी कोमट केलं, पाखराच्या अंगावर शिंपडलं, ते ओंजळीत धरलं आणि तडक घरी निघाली. मी मागून पळत. मामंजी बैलांना वैरण टाकत होते. तिनं ओंजळ पुढं केली.

"बाबा, खपली पडली. अंघोळ बी घातली. आता आईची बोळवण करायची का न्हाई?"

इथं मला सांगायला हवं. खपली पडली, निंबाच्या पाण्याची अंघोळ झाली की आईला निरोप द्यावाच लागतो. ओटी भरून, वाजतगाजत, गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. तिला नुसतं घरात बसवून ठेवणं हाही अपमानच. ही रीत मामंजींना आक्काहून जास्त माहीत होती. त्यांनी पाखराकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "करायची," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडायला सगळं गाव आक्काच्या बांधावर. दोन हलग्या, एक ताशा, झांजा. बायकांच्या हातात थाळ्या आणि उलथनी. आक्का पुढं, हातात नारळ आणि खण. तिनं ओंजळीतलं पाखरू वर सोडलं. ते आधी माळ्याच्या मेढीवर बसलं, जरा डुललं, मग उडालं. "चला आई," आक्का म्हणाली, आणि हलगी वाजली. इतके दिवस कुजबुजणारं शिवार एकदम दणाणलं. सगळा थवा एका झपाट्यात उठला, डोक्यावर अंधारून आलं, आणि आम्ही खालून वाजवत, नाचत, ज्वारीच्या धुऱ्या-बांधांवरून पळत त्यांना शिवेपार घालवून आलो. बाया रडतसुद्धा होत्या, देवी खरंच चालल्यासारख्या. मी थाळी इतकी बडवली की तिला पोचे पडले. असली मजा मी लग्नातही केली नव्हती.

भोरड्याच त्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. लोक आक्काकडं बघायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "आई काही इसरली वाटतं. पुन्हा बोळवू." पुन्हा हलगी, पुन्हा थाळ्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा. दगड नाही, शिवी नाही, सगळं मानपानानं. मामंजी पहिले दोन दिवस हात जोडून मागं चालले. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, त्यांनी हलगीवाल्याच्या हातून हलगी घेतली होती आणि ते नाल्याकडच्या ओळींपाशी, जिथं पाखरं जास्त उतरायची, तिथंच उभं राहून वाजवत होते. मिशीत हसत होते का, ते लांबून दिसलं नाही.

मी आक्काला एकटीला गाठलं. "खरं सांगा, मनापासून बोळवण करून राहिल्या, का डोकं लढवलं?"

"दोन्ही," ती म्हणाली. "आईवर बी माझा भरोसा हाय, अन् ज्वारीवर बी."

गंमत पुढं झाली. शिवेपलीकडच्या गावाचे चार म्हातारे एका दुपारी तावातावानं आले. "तुमची आई आमच्याकडं काहून धाडून राहिले तुमी? आमच्याकडं ज्वारी न्हाई का?" आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी त्यांचा संबळ आणून आमच्या शिवेवर वाजवला, आई आमच्याकडं परत. दोन-तीन दिवस दोन्ही गावं भोरड्यांना एकमेकांच्या घरी मोठ्या आदरानं पोचवत राहिली. शेवटी दोन्हीकडचे जाणते बसले आणि ठरलं, की दोघांनी दोन बाजूंनी वाजवायचं आणि आईला मधल्या गायरानाकडं वळवायचं. तिथं धनगरांच्या मेंढ्या होत्या. मेंढ्यांच्या पायाखालून टोळ उडायचे. भोरड्यांना ते दाण्याहून गोड लागले असावेत; मेंढ्यांच्या मागं मागं त्या गायरानभर चालत राहायच्या. कळपवाल्यांनी काही तक्रार केली नाही.

ज्वारी वाचली. सगळी नाही, नाल्याकडची गेली ती गेली. पण पट्टीतली बाकीची काढायला आली तेव्हा कणसांनी ताटं वाकली होती.

हे मुक्ताला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सगळी चूकच होती ना, आजी? तो विषाणू वेगळा, ही देवी वेगळी, तुम्ही उगाच भ्यालात." चूक होती, मी कबूल करते. आता तर माणसांची देवीही गेली म्हणतात, साऱ्या जगातून. मुक्ताच्या दंडावर तर टोचल्याची खूणसुद्धा नाही. ते फार चांगलं झालं. कुठल्याही बापाची तीन लेकरं एकदम झोपू नयेत. पण आम्ही चुकलो ते पाखरांच्या अंगावर आपलं दुखणं ओळखून चुकलो, आणि त्या साली आमच्या शिवारात एकाही भोरडीला दगड लागला नाही. मला त्या चुकीची लाज वाटत नाही. परळ मात्र मी घासून उन्हात पालथं टाकलं आहे. मुक्ताचं ऐकायचं तिथं ऐकते.

आक्काचं खळं संक्रांत उलटून गेल्यावर झालं. तिनं जमीन सारवली, मधे तिवडा रोवला, बैल फिरवले. उपणणीला वारा चांगला होता. भुसा एकीकडं उडत होता आणि ज्वारी सरळ खाली पडत होती, मोत्यासारखी म्हणतात तशी, पण मला ती ज्वारीसारखीच सुंदर वाटली. रास झाली. आक्का राशीपाशी उकिडवी बसून दाण्यांत हात घालून नुसती बसली होती, डोक्यावर, भुवयांवर भुसा. मी बाजूला सूप घेऊन उभी.

मामंजी वाटेनं येताना दिसले. आमच्याकडं खळ्यात पायात वहाणा घालून जात नाहीत, आणि परक्याच्या खळ्यात धन्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. घरच्या खळ्यावर मामंजी कधी थांबलेले मी पाहिले नव्हते. ते सरळ आत येऊन राशीला हात लावायचे. त्या दिवशी ते सारवलेल्या जमिनीच्या कडेला थांबले. वाकून वहाणा काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि तिथंच उभे राहिले.

"येऊ का आत?" म्हणाले.

आक्कानं मान वर केली. तिला आधी कळलंच नाही. "या की, बाबा. इचारता काय? खळं तुमचंच हाय."

"न्हाई," मामंजी म्हणाले. "तुझं हाय. म्हणून इचारलं."